आधी सही, मग फी

अमेरिकेत बारावीला मूल असलेल्या घरात ऑक्टोबरभर एकच विषय चालू असतो: अर्ली कुठे करायचं? १ नोव्हेंबर ही बहुतेक नामवंत कॉलेजांची पहिली मुदत, आणि ती नेमकी दिवाळीच्या गडबडीत येते. २०२४ साली तर महाराष्ट्रातल्या पंचांगांप्रमाणे लक्ष्मीपूजन आणि ही मुदत एकाच दिवशी होती. न्यू जर्सीतल्या एडिसन-प्लेन्सबरोपासून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटपर्यंत, महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात आई-बाप फराळाच्या ताटल्या हातात धरून एकमेकांना हेच विचारत असतात. आता पुण्या-मुंबईतून थेट पदवीसाठी अमेरिकेला मुलं पाठवणाऱ्या घरांतही हा प्रश्न पोचला आहे, आणि तिथे त्याचं उत्तर देणारे सल्लागार भरभक्कम फी घेतात.

मला यावर जे म्हणायचं आहे ते आधीच सांगते. प्रवेशाच्या बदल्यात मुलाकडून बांधील सही घेणारी ‘अर्ली डिसिजन’ ही पद्धत अन्यायाची आहे आणि ती बंद व्हायला हवी. ती चालू आहे तोवर, कॉलेज आपल्याकडून नेमके किती पैसे घेणार याचा भरवशाचा आकडा हातात आल्याशिवाय कुणीही त्या कागदावर सही करू नये, मग प्रवेशाची शक्यता कितीही वाढत असो.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर. लवकर अर्ज करण्याचे ढोबळमानाने दोन रस्ते आहेत. ‘अर्ली ॲक्शन’मध्ये नोव्हेंबरात अर्ज करायचा, डिसेंबर-जानेवारीत निकाल घ्यायचा आणि १ मेपर्यंत निवांत विचार करायचा. एमआयटी असं करते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्ड एवढीच अट घालतात की त्या फेरीत दुसऱ्या खासगी कॉलेजात अर्ज करू नका; प्रवेश मिळाल्यावर यायचं की नाही हे ठरवायला मात्र मेपर्यंत मोकळीक असते. ‘अर्ली डिसिजन’ वेगळं. तिथे अर्ज करतानाच लिहून द्यावं लागतं की प्रवेश मिळाला तर मी येईनच आणि बाकीचे सगळे अर्ज मागे घेईन. त्यावर मुलाची सही, पालकाची सही आणि शाळेच्या समुपदेशकाचीही सही लागते. असा अर्ज एका वेळी एकाच ठिकाणी करता येतो. आयव्ही लीग या जुन्या, नामवंत विद्यापीठांच्या गटातल्या आठांपैकी पाच, म्हणजे ब्राउन, कोलंबिया, कॉर्नेल, डार्टमथ आणि पेन (पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ), हीच पद्धत वापरतात. ड्यूक, नॉर्थवेस्टर्न यांच्यासारखी बरीच इतरही आहेत. शिवाय अनेक ठिकाणी जानेवारीत याच अटीवर दुसरी फेरी होते, म्हणजे पहिल्या ठिकाणी नकार आलेल्या मुलांना पुन्हा एकदा बांधून घेण्याची सोय.

यातून फायदा खरंच होतो का? होतो, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. २०२४ साली दाखल झालेल्या तुकडीचे ब्राउन विद्यापीठाचे आकडे पाहू. अर्ली डिसिजनमध्ये ६,२४४ अर्ज आले आणि ८९८ जणांना प्रवेश मिळाला, म्हणजे १४ टक्क्यांहून जास्त. नंतरच्या, न बांधणाऱ्या नियमित फेरीत ४२,६३७ अर्जांमधून १,६२३ जणांना, म्हणजे चार टक्क्यांहूनही कमी. तुकडी साधारण सतराशेची. थोडक्यात, वर्गातल्या निम्म्याच्या आसपास जागा ख्रिसमसच्या आधीच संपल्या होत्या.

हे आकडे पाहून पालकांचे डोळे चमकतात, पण १४ टक्क्यांत बरंच काही मिसळलेलं आहे. ब्राउनचे तीसहून अधिक क्रीडा संघ आहेत आणि प्रशिक्षकांनी हेरून ठेवलेले खेळाडू याच फेरीत अर्ज करतात. त्यांचं काम जवळपास झालेलंच असतं. समजा असे दोनशे खेळाडू बाजूला काढले, तर उरलेल्यांचं प्रमाण साडेअकरा टक्क्यांच्या घरात येतं. त्यात माजी विद्यार्थ्यांची मुलं आहेत, उत्तम खासगी शाळांमधून वर्षभर तयारी करून आलेली मुलं आहेत. तुमच्या-आमच्या घरातल्या, तबला शिकलेल्या आणि रोबोटिक्समध्ये बक्षीस मिळवलेल्या मुलीच्या वाट्याला येणारा फायदा त्याहून कमी असणार. तरीही काही उरतोच. अर्थतज्ज्ञ ख्रिस्तोफर एव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली हजारो अर्ज तपासून दाखवलं होतं की इतर सगळं सारखं असताना लवकर अर्ज केल्याचा फायदा कॉलेजप्रवेशाच्या सॅट परीक्षेतल्या १,६०० पैकी सुमारे १०० गुणांइतका असतो. अभ्यासाला बरीच वर्षं झाली, पण कॉलेजं तेव्हापेक्षा आज या फेरीवर जास्तच विसंबून आहेत. म्हणूनच हा फायदा कुणाला घेता येतो आणि कुणाला नाही, हा खरा प्रश्न आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे आपला पसंतीक्रम आठवेल. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात किंवा इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडमध्ये पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते. मग अमेरिकेतली बांधील सही काय वाईट, असा प्रश्न मला पुण्यातल्या नातेवाइकांनी विचारलेला आहे. वरवर पाहता दोन्ही सारखं दिसतं. आतून दोन्हींची रचना उलटी आहे.

आयआयटी-एनआयटीच्या एकत्रित प्रवेशाच्या, म्हणजे जोसाच्या, यादीत तुम्ही मुंबई आयआयटीची कॉम्प्युटर शाखा पहिली लिहिली म्हणून त्या जागेवरचा तुमचा हक्क वाढत नाही, तिथे रँकच चालते. आणि ती मिळाली नाही म्हणून दुसऱ्या क्रमांकावर लिहिलेल्या जागेवरचा हक्क कमीही होत नाही. त्यामुळे मुलाने मनात जो क्रम आहे तोच यादीत लिहावा, यापेक्षा शहाणपणाचा डाव त्यात नाही. या विचाराचं मूळ डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांच्या १९६२ सालच्या शोधनिबंधात आहे, आणि २०१५ पासून आयआयटी-एनआयटीच्या एकत्रित प्रवेशाची पद्धत त्याच धर्तीवर, आपल्याच प्राध्यापकांनी बसवलेली आहे. शिवाय फी आधीच जाहीर असते. पसंती भरताना बापाला ठाऊक असतं की कुठल्या कॉलेजात वर्षाला किती रुपये जाणार.

अमेरिकेतल्या अर्ली डिसिजनमध्ये ‘तुम्हीच पहिले’ असं म्हटल्यानेच हक्क वाढतो. म्हणजे पहिली पसंती हा डाव होतो, आणि तो एकदाच टाकता येतो. मुलाला मनापासून प्रिन्स्टन आवडत असतं, पण तिथे लवकर अर्ज केला तर पेनची अर्ली डिसिजन हातची जाते. मग घरात मुलाला कुठे शिकायचं आहे हा विषय मागे पडतो आणि कुठे हो म्हटलं तर पदरात काही पडेल याची गणितं सुरू होतात. ऑक्टोबरात मी पाहिलेल्या बहुतेक वादांचं मूळ हेच. मुलगी एक नाव घेते, आई-बाप दुसरं, आणि दोघांचंही आपापल्या परीने बरोबर असतं, कारण दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात.

हाच दोष अमेरिकेतच एका शहराने ओळखून दुरुस्त केलेला आहे. बॉस्टनच्या सरकारी शाळांत पूर्वी जागा आधी पहिली पसंती देणाऱ्यांना मिळत. लोकप्रिय शाळा पहिली लिहिली आणि ती हुकली की दुसऱ्या पसंतीची शाळाही तोवर भरलेली असे. ज्या पालकांना हे माहीत होतं ते गट करून भेटत आणि कुठली शाळा वर लिहायची याचे डावपेच ठरवत. ज्यांना माहीत नव्हतं ते मनातलं खरं लिहून बसत आणि त्यांची मुलं मागे राहत. ॲल्विन रॉथ आणि इतर अर्थशास्त्रज्ञांनी हे मांडल्यावर २००५ साली शहराने पद्धत बदलली. पुढे २०१२ साली रॉथ आणि शॅप्ली यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. कॉलेजप्रवेश गुणांच्या यादीवर होत नाही, तिथे निबंध, शिफारशी, खेळ सगळं पाहतात, त्यामुळे तुलना तंतोतंत जुळत नाही हे मान्य. पण प्रामाणिकपणे पसंती सांगणाऱ्याला शिक्षा आणि डावपेच जाणणाऱ्याला बक्षीस, हा दोष दोन्हींत तोच आहे. बॉस्टनच्या सहा वर्षांच्या मुलांसाठी जे अन्यायाचं ठरलं, ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी चालवून का घ्यायचं?

आणि आता पैसे. खासगी नामवंत कॉलेजचा वर्षाचा एकूण खर्च ९०,००० डॉलरच्या पुढे गेला आहे. रुपयांत ७५ लाखांच्या वर, चार वर्षांचे तीन कोटींहून जास्त. छापील किंमत मात्र फार थोडे लोक डोळे मिटून भरू शकतात. बाकीच्यांना कॉलेज उत्पन्न आणि मालमत्ता पाहून सूट देतं, आणि ती सूट किती हे प्रवेशपत्राबरोबर कळतं. नियमित फेरीत मार्चअखेर तीन-चार ठिकाणची पत्रं शेजारी ठेवून पाहता येतात; एका कॉलेजचा आकडा दुसऱ्याला दाखवून थोडी वाढ मागता येते, आणि ती मिळतेही. अर्ली डिसिजनमध्ये एकच पत्र येतं. किंमत ठरायच्या आधी विसार देऊन टाकण्यासारखा हा व्यवहार आहे.

कॉलेजं म्हणतील, आमच्या वेबसाइटवर खर्चाचा कॅल्क्युलेटर आहे. आहे, २०११ पासून कायद्यानेच बंधनकारक आहे. नोकरदार, एक घर, बाकी काही भानगड नाही अशा कुटुंबाला तो बऱ्यापैकी आकडा देतो. पण आपल्या घरांचे हिशेब एवढे सरळ नसतात. मंडळाच्या मराठी शाळेत शिकवत असल्याने मुलांच्या आई-वडिलांबरोबर या फॉर्मांवर मी बऱ्याचदा बसले आहे. एका घरी वडिलांच्या आणि आजीच्या नावावर मिळून कोथरूडमध्ये फ्लॅट होता. आजी त्यात राहतात. तो विकून नातीची फी भरायचा विचारही कुणाच्या मनात येणार नाही. कॅल्क्युलेटरने त्या फ्लॅटबद्दल काही विचारलंच नव्हतं. सविस्तर माहितीसाठी जो सीएसएस प्रोफाइल नावाचा फॉर्म भरावा लागतो त्यात मात्र राहत्या घराखेरीजच्या सगळ्या स्थावर मालमत्तेची किंमत मागतात. यांनी बाजारभाव लिहिला. डिसेंबरात प्रवेश आला, घरात पेढे वाटले गेले, आणि सोबतच्या पत्रातली रक्कम अंदाजापेक्षा इतकी जास्त होती की आईने ती दोनदा मोठ्याने वाचली. फेरविचाराचा अर्ज, बँकेचे कागद, आजींच्या ताब्याबद्दल खुलासा, हे सगळं ऐन ख्रिसमसच्या सुट्टीत, जेव्हा कार्यालयात फोन उचलायला कुणी नसतं. त्याच आठवड्यात १ जानेवारीच्या मुदतीसाठी मुलीला बाकीच्या कॉलेजांचे निबंध लिहायचे होते, आणि करारानुसार ती अजून पहिल्या कॉलेजशी बांधलेली होती. शेवटी ती सुटली, आणि चांगल्या ठिकाणी शिकते आहे. पण तो पंधरवडा त्या घराने कसा काढला हे मी पाहिलं आहे.

मदत पुरेशी नसेल तर मुलाला करारातून मोकळं करतात, ही तरतूद करारातच लिहिलेली आहे, आणि ती खरी आहे. ज्यांनी सही करून टाकली आहे त्यांनी ती लक्षात ठेवावी, संकोच करू नये. मात्र ‘पुरेशी नाही’ हे सिद्ध करण्याचं ओझं कुटुंबावर पडतं, आणि तोवर तुलना करायला दुसरं पत्र हातात नसतं. शिवाय समुपदेशकाची सही असल्यामुळे शाळेलाही भीती असते. न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठाने, एका मुलाने माघार घेतल्यावर, त्याच्या शाळेतल्या पुढच्या वर्षीच्या मुलांना अर्ली डिसिजनचा दरवाजा बंद केल्याची बातमी २०२५ मध्ये आली. एकाच्या निर्णयाची शिक्षा ज्यांनी काहीच केलं नाही त्या मुलांना. करार नैतिक आहे, कायदेशीर नाही, असं सांगणाऱ्यांनी हे पाहावं.

एका गटाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आपल्या लोकांमध्ये तो मोठा आहे आणि त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं. आई किंवा वडील एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, ग्रीन कार्डाच्या रांगेत, आणि मूल एच-फोर या त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांच्या व्हिसावर. मूल दुसरीपासून इथल्या सरकारी शाळेत शिकलेलं असतं, मित्र इथले असतात, पण अमेरिकेच्या केंद्र सरकारची शैक्षणिक मदत त्याला मिळत नाही आणि पैशाच्या बाबतीत पुष्कळ कॉलेजं त्याला परदेशी विद्यार्थीच मानतात. पुण्याहून अर्ज करणारं मूल आणि प्लेन्सबरोहून अर्ज करणारं हे मूल या एका बाबतीत एकाच रांगेत उभं असतं. परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली तरी त्याचा प्रवेशावर परिणाम होऊ न देणारी कॉलेजं मोजकी आहेत: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडन आणि अलीकडे ब्राउन अशी काही. इतर ठिकाणी मदतीच्या रकान्यात ‘हो’ लिहिलं की शक्यता घटते, आणि ‘नाही’ लिहिलं तर नंतर मागायची सोय बहुधा राहत नाही. अशा घराने ‘आधी प्रवेश तर मिळू दे, पैशाचं बघू’ असं म्हणत अर्ली डिसिजनवर सही करणं म्हणजे मुलाच्या नावावर कर्जाचा डोंगर उभा करणं. हे मी इतक्या स्पष्टपणे लिहिते, कारण नेमका हाच सल्ला सर्रास दिला जातो.

दुसरी बाजू अजिबात नाही असं नाही. मुलांना डिसेंबरात सुटल्यासारखं वाटतं, हे खरं. पण तो दिलासा अर्ली ॲक्शनही देते. चारशे-पाचशे मुलांच्या तुकडीच्या लहान कॉलेजला किती मुलं खरोखर येतील याची खात्री हवी असते. वीस-तीस मुलं कमी-जास्त झाली तरी त्यांचं वसतिगृह आणि अंदाजपत्रक कोलमडतं. ही अडचण मला पटते. ड्यूक किंवा पेनला ती अडचण आहे असं कुणी मला पटवू शकणार नाही. तिथे रांग इतकी लांब आहे की कुणी नाही म्हटलं तर प्रतीक्षायादीतला पुढचा मुलगा दुसऱ्या दिवशी बॅग भरेल.

ही पद्धत मोडण्याचे प्रयत्न झालेले आहेत. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल शाखेने २००२ साली अर्ली डिसिजन सोडली. येल आणि स्टॅनफर्डने त्याच वर्षी बांधील अट काढायचं जाहीर केलं. २००६ साली हार्वर्ड, प्रिन्स्टन आणि व्हर्जिनिया विद्यापीठाने तर लवकर प्रवेशच बंद केला, इतरांनी आपल्यामागे यावं या आशेने. फारसं कुणी आलं नाही, आणि २०११ साली तिघांनीही लवकर अर्ज पुन्हा सुरू केले. व्हर्जिनियाने पुढे बांधील अर्जही परत आणला. एकट्या-दुकट्याने सोडून भागत नाही, आणि सगळ्यांनी मिळून ठरवायचं तर स्पर्धाविरोधी संगनमताला मनाई करणाऱ्या कायद्याखाली आरोप येतो. गंमत अशी नाही, खेद असा की त्याच कायद्याचा धाक उलट्या दिशेने लागू झाला: २०१९ साली न्यायखात्याच्या दबावाखाली समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेला काही नियम रद्द करावे लागले, पण बांधील अर्ज मात्र जिथल्या तिथे राहिला. ऑगस्ट २०२५ मध्ये विद्यार्थ्यांनी बॉस्टनच्या संघीय न्यायालयात तीसहून अधिक कॉलेजांविरुद्ध दावा दाखल केला, की अर्ली डिसिजन हेच संगनमत आहे आणि त्याने सगळ्यांचाच खर्च वाढतो. न्यायालय काय म्हणेल ते म्हणेल. प्रश्न योग्य जागी विचारला गेला याचं मला समाधान आहे.

तोवर अर्ली कुठे करायचं? मी विचारणाऱ्यांना सांगते की सप्टेंबरात आधी आई-बापांनी एकमेकांशी, मग मुलाशी, खरा आकडा बोला: वर्षाला आम्ही एवढे देऊ शकतो, याच्यावर नाही. सतरा वर्षांच्या मुलाला हे कळतं. न सांगितल्याने तो जास्त दुखावतो. मग ज्या कॉलेजांत जायची मुलाची मनापासून इच्छा आहे त्यांपैकी न बांधणारी आधी घ्या. हार्वर्डने २०२५ पासून वर्षाला दोन लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना शिकवणीची फी माफ केली, प्रिन्स्टनने बहुतेकांना अडीच लाखांपर्यंत. सर्वाधिक मदत देणाऱ्या या कॉलेजांत लवकर अर्ज करायला बांधील सही लागत नाही. तिथे प्रवेश मिळणं अवघड आहे, पण नकार आला तरी घर अडकत नाही. आपल्या राज्याचं सरकारी विद्यापीठ अर्ली ॲक्शन देत असेल तर त्याच महिन्यात तिथेही अर्ज करा. हार्वर्ड-प्रिन्स्टनच्या अटीतून सरकारी विद्यापीठं वगळलेली असतात. अर्ली डिसिजन दोनच घरांनी करावी: ज्यांना पूर्ण किंमत भरणं जड नाही, किंवा ज्यांनी कॉलेजच्या मदत कार्यालयाकडून आधीच लेखी अंदाज मागून घेतला आहे. असा अंदाज काही कॉलेजं विचारलं तर देतात. जे देत नाहीत त्यांच्या नावापुढे मी फुली मारते.

आणि एक काम मतदार म्हणून करण्यासारखं आहे. व्हर्जिनिया टेक या सरकारी विद्यापीठाने २०२३ साली अर्ली डिसिजन बंद केली. दोनच वर्षांनी मिशिगन विद्यापीठाने, तेही सरकारीच, ती पहिल्यांदा सुरू केली. लोकांच्या करावर उभ्या राहिलेल्या विद्यापीठात ज्याला फी विचारावी लागत नाही त्याने पुढे जावं, हे मला मुळीच मान्य नाही. मिशिगनचे आठही रीजेंट, म्हणजे नियामक मंडळाचे सदस्य, राज्यातल्या मतदारांनी निवडून दिलेले असतात आणि त्यांच्या सभांत नागरिकांना बोलायला वेळ राखून ठेवलेला असतो. डेट्रॉइटच्या आसपास, नोव्हाय, ट्रॉय, कँटनमध्ये मतदानाचा हक्क असलेली मराठी घरं भरपूर आहेत. त्यांनी तिथे जाऊन एवढंच विचारावं की बांधील अर्जातून भरलेल्या जागांपैकी किती जागा मदत मागणाऱ्या मुलांना गेल्या, आणि तो आकडा दरवर्षी जाहीर कराल का.